घागरभर पाणी, ओंजळभर पाणी

नबी गाडीवानाची गाडी जळाली ती अकोल्याच्या वेशीत, भर सकाळी, आणि पाण्यामुळे. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं लोकांना पटलं.

१८६५ चा माघ होता. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई चालू होती, तिकडचा कापूस तिकडेच अडकला होता, आणि म्हणून अमरावतीच्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या बायका चांदीवरून सोन्यावर आल्या होत्या. ज्याच्याकडे गाडीबैल त्याला जावयासारखा मान. नबीकडे गाडी होती, दोन धडधाकट बैल होते, आणि अमरावती ते अकोला हा तीन दिवसांचा रस्ता त्याचे बैल डोळे मिटून चालत. नबीही तो बऱ्याचदा डोळे मिटूनच हाकत असे.

त्या खेपेला त्याच्या गाडीत पंजाबराव पाटलांचा कापूस होता आणि कापसाच्या खाली, अगदी तळाला, मैनाबाईच्या भट्टीतला कळीचा चुना. तीन टोपली. अकोल्याला आगगाडीच्या स्टेशनाच्या भिंती उठत होत्या, गवंडी चुन्यासाठी खोळंबले होते. कापूस फुगीर आणि हलका, तळाशी तीन टोपली बसली तर बैलांनाही कळत नाही. पाटलांना विचारलं तेव्हा ते मिशीला तूप लावत होते. "ठेव ना," म्हणाले.

मैनाबाई जातीची लोणारीण. नाल्यातली चुनखडी वेचायची, भट्टीत लाकूड आणि खडे यांचे थर लावायचे, चार दिवस जाळायचं, हे तिच्या सासरचं काम. नवरा गेल्यावर दीर म्हणाले, आता भट्टी आम्ही पाहतो. ती म्हणाली, पाहा की, लांबून. तेव्हापासून भट्टी तिचीच होती. भट्टीतून निघतो तो कोरडा, टणक खडा म्हणजे कळीचा चुना. त्यावर पाणी घातलं की तो फुसफुसतो, तापतो, फुटतो आणि त्याची मऊ भुकटी होते. मग तो भिंतीला चालतो नि पानालाही. याला म्हणायचं चुना विझवणं. जी वस्तू विझताना तापते तिला विझली का म्हणायचं, असं लग्न होऊन आल्यावर तिनं सासूला विचारलं होतं. सासूनं उत्तर दिलं होतं, "भाकरी टाक."

तीस वर्षं भाकरी टाकून झाल्या, उत्तर मिळालं नव्हतं.

अकोल्याच्या अलीकडे एक विहीर आहे. गाड्या तिथं बैलांना पाणी दाखवायला थांबतात. बैल पितात, आणि बैलांच्या पाठोपाठ कापूसही पितो. ओला कापूस काट्यावर जड भरतो. सगळे मालक शिंपडतात, सगळे व्यापारी ओळखतात, पण तोंडानं कोणी बोलत नाही. कारण 'पाणीवाला' असं एकदा नाव पडलं की त्या माणसाच्या गाडीपाशी व्यापारी उभा राहत नाही. आणि जो गाडीवान असलं काही बोलेल, त्याच्या गाडीत मालक कापूस घालत नाही. सगळ्यांचं सगळ्यांवर झाकण.

नबी बैल घेऊन विहिरीवर गेला, परत आला, कापूस हाताला ओला लागला, गप्प बसला. दोन घटका चालल्यावर वेशीपाशी गाडीच्या पोटातून धूर निघाला. नबीनं बैलांच्या गळ्यातली जुपणी कापली म्हणून बैल वाचले. गाडीची मात्र दोन चाकंच उरली, आणि तीही एका बाजूनं कोळसा झालेली.

मागून घोडीवर येणारे पंजाबराव ओरडले, "चिलीम! म्या शंभर वेळा सांगतलं होतं याले, गाडीवर चिलीम ओढू नको म्हणून!"

नबी चिलीम ओढतो हे साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक होतं.

अमरावतीच्या गाडीवानांचा एक चौधरी होता, गयासुद्दीन. पिकल्या दाढीचा, बारीक डोळ्यांचा, समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेणारा. गाडीवानांचे तंटे तोच तोडायचा. त्यांचा नेम असा, की ज्याच्या चुकीनं माल जळाला त्याला पुन्हा मालाला हात लावू द्यायचा नाही. गाडी नवी घेता येते. नबीच्या मेव्हण्यानं आपली जुनी गाडी देऊही केली होती. पण चौधरीनं एकदा 'नाही' म्हटलं की त्या गाडीवर कपाशीचं एक बोंड चढायचं नाही. बैल नुसते दावणीला बांधून ठेवायला काही नवाब लागून गेला नव्हता नबी.

बाजाराच्या दिवशी, कापसाच्या बाजारातल्या चिंचेखाली सगळे जमले. नबीची बायको आबेदा बायकांत उभी होती, पदर दातांत धरून. ती लाखेच्या बांगड्या करून विकायची आणि एरवी बाजारात तिचा आवाज सगळ्यात मोठा असायचा.

"चिलीम गाडीत नव्हती, चाचा," नबी म्हणाला. "माह्या कमरेले होती. थंडी."

"थंडी चिलीम!" पंजाबराव म्हणाले. "मंग आग काय वरून पडली?"

तेव्हा मैनाबाई पुढे आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. "चुन्यानं लागली आग," ती म्हणाली. "चुना माहा होता. म्हणून सांगाले आली."

"चुना कोरडा होता ना?" गयासुद्दीननं विचारलं.

"कोरडा होता तं पेटत नाही. पाणी लागलं असन."

"पाणी?" पंजाबराव सावकाश म्हणाले. "माघात पाणी कुठून आलं, बाई?"

चिंचेखाली पन्नासेक मालक नि गाडीवान होते. पन्नासही जणांना आपापल्या पायाचे अंगठे एकदम बघण्यासारखे वाटू लागले. नबीनंही खाली पाहिलं. खरं बोलावं तर गाडी जाते, नाही बोलावं तरीही जाते.

पाटलांनी मग एक पाण्यानं भरलेली घागर मागवली. मैनाबाईच्याच ओटीतला कवठाएवढा खडा घेतला आणि आत टाकला. फुस्स झालं. चार बुडबुडे आले. पाटलांनी थोडा वेळ जाऊ दिला, बाही वर केली, हात कोपरापर्यंत आत घातला नि सगळीकडे पाहिलं.

"याच्यानं कापूस जळते? अजी, याच्यात माह्या नातवाले न्हाऊ घातलं तं थो थंडीनं रडन!"

लोक हसले. हसण्यासारखंच होतं. मैनाबाईनंही घागरीत हात घातला, आणि तिचा चेहरा पडला. पाणी जेमतेम कोमट होतं.

गयासुद्दीन हसला नाही. "आठ दिवस," तो म्हणाला. "पुढच्या बाजारी पुन्हा बसू. मैनाबाई, तवरक तुमचं म्हणणं दाखवाले येते तं दाखवा. नाही तं नबीचा फैसला करू."

वाटेत आबेदा तडतडत होती.

"तुमाले कोणी सांगतलं होतं मधात पडाले, मावशी? आता लोक म्हणतीन, नबीची आग बी थंडी आन त्याचा वकील बी थंडा!"

"पण तापते वं थो! माह्या हाताले फोड येतात दरवर्षी!"

"मंग घागरीत काहून नाही तापला?"

मैनाबाई रस्त्यातच थांबली. हा प्रश्न सासूलाही विचारता आला असता. फरक एवढाच, की आता भाकरी टाकायला सांगणारं घरात कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी भट्टीशेजारच्या छपरात बसल्या. मैनाबाईनं कवठाएवढे खडे काट्यावर तोलून अगदी सारख्या वजनाचे निवडले. एक घागरीत टाकला, एक अर्ध्या घागरीत, एक तांब्याभर पाण्यात. पहिल्यात कोमट. दुसऱ्यात जरा जास्त. तांब्यात मात्र पाणी उकळायला लागलं आणि आबेदा मागे सरकली.

"एकच खडा," मैनाबाई पुटपुटली. "तेवढाच."

"तं त्यात काय!" आबेदा म्हणाली. "कढईभर वरणात एक मिरची टाकली तं तिखट लागते काय? आन तीच मिरची एका घासात खाऊन पाहा."

मैनाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, की आबेदानं पदर सारखा केला. इतकं सोपं होतं ते. खडा देतो तेवढीच ऊब देतो. ती घागरीला वाटली तर कोणाच्याच वाट्याला काही येत नाही, आणि ओंजळीला दिली तर ओंजळ पोळते.

पण किती पोळते, हे बोटांना सांगता येईना. बोट एका मर्यादेपर्यंत सांगतं, नंतर नुसतं बोंबलतं. त्यावरही तोड आबेदानंच काढली. लाखेच्या कामात तिला रोज ऊब ओळखावी लागायची. तिनं एक लांब काडी घेतली. काडीला एका ठिकाणी थिजलेल्या तुपाचा ठिपका लावला, त्याच्याजवळ मेळघाटातून कोरकू लोक बाजारात आणतात त्या मेणाचा, आणि त्यापुढे लाखेचा.

"तूप तळहातावरच पाझरते. मेणाले त्याच्याहून जास्त पाहिजे. लाख तं चुलीजोळ नेल्याशिवाय वाकत नाही. आता काडी खुपसा, आन कोण कोण मेलं ते मोजा."

घागरीत तूपही जिवंत राहिलं. तांब्यात तूप नि मेण गेलं. मग मैनाबाईनं पाणी आणखी कमी केलं. अर्धा तांब्या. पाव. तीन-चार थेंब टाकले तेव्हा खडा नुसता तडकून बसला. पुष्कळ खडे खर्ची पडल्यावर तिला आपला मोजमापाचा हिशेब सापडला: खड्याच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी, म्हणजे लहानशी ओंजळ. तेवढं घातलं की पाणी खड्यात पूर्ण मुरतं, चिखल म्हणून काही उरत नाही, आणि सगळी ऊब त्या कोरड्या भुकटीतच कोंडते. लाख काडीवरून ओघळून खाली पडली. आबेदानं टाळी वाजवली.

त्या दुपारी आबेदानं घरून एक पुडी आणली. पुडीत सोरा होता. तिचे नाना एलिचपूरच्या एका हवेलीत आबदार होते, म्हणजे साहेबलोकांना गार पाणी पाजण्याचं काम. उन्हाळ्यात सोरा पाण्यात विरघळवायचा आणि त्यात सुरई बुडवून ठेवायची.

"हात घाला," ती म्हणाली.

मैनाबाईनं सोऱ्याच्या पाण्यात हात घातला आणि काढून घेतला. माघातही ते पाणी दात शिवशिवावेत इतकं थंड झालं होतं.

"माय वं! म्हणजे एक देते, आन एक घेते?"

"नाना म्हणे, सोरा भुकेला असते. पाण्यातली ऊब खाते, मंगच विरघळते."

"ऊब खाते," मैनाबाई म्हणाली. बराच वेळ ती भट्टीच्या काळ्या तोंडाकडे पाहत बसली. चार दिवस गाडीभर लाकूड त्या तोंडात जातं. राख उरते ओंजळभर. धुरासंगं काही जात असेल, भिंती तापत असतील. पण खडाही काहीतरी खात असणारच. वर काढला की हाताला थंड लागतो म्हणून तो रिता असतो, असं थोडंच आहे? जेवलेल्या माणसाचं पोट बाहेरून कोणाला दिसतं?

हे तिला आवडलं. आवडलेली गोष्ट खरी असतेच असं नाही, एवढं शहाणपण तिला होतं. म्हणून तिनं पारख लावली. विझवलेल्या चुन्याची कोरडी भुकटी घेतली, तिच्यावर पाणी घातलं. काही नाही. आपली ऊब ती देऊन बसली होती. तीच भुकटी मडक्यात घालून मडकं धगधगत्या भट्टीच्या पोटात एक दिवस ठेवलं. काढलं, गार होऊ दिलं. पुन्हा पाणी घातलं.

भुकटी फुसफुसली. काडीवरचं तूप गेलं, मेण गेलं.

मैनाबाई पन्नाशीची बाई, पण ती तेव्हा छपरात गोल फिरली. "भट्टीनं भरवलं!" ती ओरडली. "भट्टीनं भरवलं तेच हे वकून रायलं! आगीतून निघालेली आग हाय ही, आबेदा, फक्त मधात गाठोडं बांधून ठेवली होती. पाणी गाठ सोडते!"

"आन माहा नबी सुटते काय?" आबेदा म्हणाली. तिला आनंद झाला नव्हता असं नाही. पण बाजार परवावर आला होता.

एक अडचण उरली होती. खडा उघड्यावर ठेवला की लाख वितळायची, पण कापूस नुसता पिवळट व्हायचा. वारा ऊब नेत होता. त्यावर दोघींनी एकदमच तोंड उघडलं, कारण दोघींनीही थंडीच्या पहाटे गोधडी पांघरली होती. गोधडीत विस्तव नसतो. ती आपलीच ऊब आपल्याला जाऊ देत नाही. त्यांनी टोपलंभर खडे घेतले, वर ओंजळी-ओंजळीनं पाणी दिलं, आणि चहूबाजूंनी कापूस दाबला. थोड्या वेळानं कापसाच्या पोटात हात घालवेना. आणखी थोड्या वेळानं आतून भुऱ्या रंगाचा धूर आला, आणि दोघी घाईनं माती टाकून तो दाबताना खोकत खोकत हसल्या.

बाजाराच्या सकाळी चिंचेखाली मागच्याहून दुप्पट लोक जमले होते. नबीच्या मेव्हण्याची जुनी गाडी मधोमध उभी केली, बैलांवाचून. तळाला चुन्याची तीन टोपली, वर कापूस. कापूस महादेवराव नावाच्या एका शेतकऱ्यानं दिला होता. तो पंजाबरावांचा शेजारी, आणि बांधावरून दोघांचं पिढीजात वाकडं.

"बाई," पंजाबराव म्हणाले, "घरून काही पेटवून आणलं नाही ना?"

"तुमीच आत हात घालून पाहा, पाटील." त्यांनी पाहिलं. सगळं थंड होतं.

"आता पाणी," गयासुद्दीन म्हणाला. "माघात कुठून आलं ते आपण आज इचारत नाही. आलं असं धरून चाला. पण वरून टाका. गाडीत जसं वरून येईन तसं."

मैनाबाईनं तांब्या घेतला आणि कापसावर शिंपडलं. पाणी कापसावर मोत्यांसारखं उभं राहिलं आणि घरंगळून गाडीच्या बांबूच्या तट्ट्याबाहेर गेलं. तिनं आणखी शिंपडलं. आणखी घरंगळलं. छपरात त्यांनी पाणी थेट खड्यांवर घातलं होतं. कोरा कापूस पाणी घेत नाही, कमळाच्या पानासारखा झटकतो, हे चुना भाजणाऱ्या बाईला कुठून ठाऊक असणार? तिनं अख्खा तांब्या ओतला. पाणी कडेच्या फटीतून जमिनीवर ठिबकलं.

थांबले. पान खाऊन झालं. गाडी आपली गाडीसारखी उभी होती.

मागच्या बाजूचे लोक निघायला लागले. आबेदाच्या डोळ्यांत पाणी आलं. नबी चिंचेच्या बुंध्याला टेकून खाली बसला, आणि मैनाबाईला वाटलं, आपण याला वाचवायला आलो नि उलट पुरता बुडवला.

"सांगतलं होतं म्या," पंजाबराव खुशीत म्हणाले. "कापूस काय अशानं पाणी पिते?"

"नाही पीत?" गयासुद्दीननं सहज विचारलं.

"अजी, हे काय तुयशीले पाणी घालणं हाय काय?"

"बराबर हाय," गयासुद्दीन दाढी कुरवाळत म्हणाला. "ते काम सगळ्यायले जमत नाही. महादेवरावाले जमते म्हणतात. याच्या कापसासारखा पिणारा कापूस साऱ्या परगण्यात नाही, असं लोक बोलतात बाप्पा. आपल्याले काय ठाऊक."

महादेवराव गालातल्या गालात हसला. एवढंच. पण ते हसणं पंजाबरावांना बांधावरून ओळखीचं होतं.

"याले? याले जमते?" ते ताडकन उठले. "याचा कापूस वरून वला नि आतून ठणठणीत! व्यापारी मूठ घालते आन हसते! साध्या पाण्याले कापूस पिते काय कदी? रिठा लागते, रिठा! रिठ्याचं फेसाळ पाणी करावं लागते, मंग थो झटकत नाही. आन भसाभस वतून चालत नाही, बाई. सरका तिकडं!"

कोणीतरी रिठे आणले. इतक्या पटकन आणले, की ते कोणाच्या तरी गाडीत तयारच असावेत. पाटलांनी पाण्यात रिठे कुस्करले, फेस काढला, काठीनं कापसात खालपर्यंत सात-आठ भोकं पाडली, आणि कडुनिंबाची डहाळी बुडवून प्रत्येक भोकात नेमकं तेवढं पाणी सोडलं. मग वरून हलकेच हात फिरवला, भोकं मिटली, कापूस कोरडा दिसू लागला. कलावंताचं काम होतं ते. कोणीही मान डोलावली असती. पाटील मागे झाले, हात पुसले आणि महादेवरावाकडे पाहिलं.

"असं असते," ते म्हणाले.

चिंचेखाली एवढी शांतता झाली, की वर पाखरं आहेत हे पहिल्यांदा कळलं. पाटलांनी लोकांकडे पाहिलं, हातातल्या डहाळीकडे पाहिलं. हळूच ती डहाळी पाठीमागे नेली.

मैनाबाईनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती पाणी मोजत होती. भोकागणिक ओंजळभर. भोकाखाली येणाऱ्या खड्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या फार दूर नाही. तिनं ठिपक्यांची काडी कापसात खोल खुपसली.

थोड्या वेळानं आबेदानं काडी ओढली. "तूप गेलं," ती म्हणाली. शेजारच्यालाच ऐकू गेलं.

पुन्हा खुपसली. लोक परत जवळ आले.

"मेण गेलं!" आता तो तिचा बाजारातला आवाज होता.

तिसऱ्यांदा काडी निघाली ती टोकाला काळी पडून, आणि लाख तिच्यावरून अश्रूसारखी लोंबत होती. पाठोपाठ कापसाच्या पोटातून तो भुऱ्या रंगाचा धूर वर आला, एक बारीक दोरी. नबी उठून उभा राहिला. त्या दिवशी वेशीत त्यानं नेमकी हीच दोरी पाहिली होती. "अशीच," तो म्हणाला, "चाचा, अशीच निघाली होती!"

"डोये सांभाळा, चुना उडन!" मैनाबाई ओरडली, आणि चौघांनी कापूस फाडून बाहेर फेकला, वर माती टाकली. आतला कापूस कोळशासारखा काळा होता, कडेनं लाल ठिणग्या चालत होत्या. जवळपास कुठं चिलीम नव्हती. नबीनं आपली आबेदाजवळ देऊन ठेवली होती. तिनंच ती सकाळी मागून घेऊन घरी ठेवली होती.

गयासुद्दीननं सगळ्यांचं बोलणं खाली बसू दिलं.

"पण घागरीत काहून तापलं नाही?" त्यानं मैनाबाईला विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तिनं सांगितलं. मिरची आणि वरण. गोधडी. भट्टीनं भरवलेला खडा, नि तो पाण्याला ऊब परत देतो ते. सोरा पुडीतून काढून दाखवला, चौधरीनं त्या पाण्यात बोट बुडवलं नि "सुभानल्ला" म्हणाला. काही लोकांना कळलं, काहींना नाही, आणि ज्यांना नाही कळलं त्यांनी सगळ्यात जास्त मान हलवली.

"म्हणजे चुना तुमचा," गयासुद्दीन शेवटी म्हणाला, "तो कापसाखाली ठेवला नबीनं, आन बाकीचं... बाकीचं माघानं केलं." पंजाबराव जमिनीकडे पाहत होते. "तिघायनं मिळून आग लावली, आन चकमक कोणीच झाडली नाही. नबीवर दोष नाही. त्याची गाडी चालन. आजपासून कळीचा चुना नि कापूस एका गाडीत बसणार नाही, मंग माघ असो का जेठ."

"चुन्याले येगळी गाडी लागली तं माहा चुना महाग होईन," मैनाबाई म्हणाली.

"होऊ द्या."

"होऊ द्या," तीही म्हणाली. तिनं अंदाज आधीच केला होता. पोळलेल्या बैलापेक्षा महाग काही नव्हतं.

लोक पांगल्यावर पंजाबराव तिच्यापाशी आले. रागावलेले नव्हते, लाजलेला मोठा माणूस थोडा आजारी दिसतो, तसे दिसत होते. "बाई, मले खरंच वाटलं होतं चिलीम असन. देवाशपथ. पाणी आग लावते हे कोणाच्या डोक्यात येईन?"

"माह्याही डोक्यात पुरतं नव्हतं, पाटील. रिठ्याचं तं अजिबातच नव्हतं."

"त्याचं... ते बोलू नका कुठी."

"मी नाही बोलत," मैनाबाई म्हणाली. "इथं शंभर जण होते, त्यायचं मी काय सांगू?"

पाटलांनी तिला हात जोडले. मग नबीकडे गेले, आणि त्याच्याशी काय बोलले ते कोणाला ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या रानातलं बाभळीचं एक जुनं लाकूड नबीच्या दारात येऊन पडलं, नव्या गाडीच्या धुऱ्यांना पुरेल एवढं.

चैत्रात नबीकडे एवढं काम आलं, की बैलच तेवढे कंटाळले. आणखी एक गोष्ट झाली, तिचा त्याला सुरुवातीला संकोच वाटायचा. गाडी भरण्याआधी मालक त्याला विचारू लागले: नबी, हे याच्यासंगं ठेवलं तं चालन ना? आणि नबी, जो पूर्वी पडेल ते भरायचा आणि झोपायचा, तो आता मालाला हात लावून बघायचा.

अशाच एका सकाळी महादेवरावाच्या अंगणात तो सरकी भरायला गेला. कापसातून निघालेल्या बियांचा हा मोठा ढीग, चार दिवस झाकून ठेवलेला, थोडा दमट. नबीनं सवयीनं ढिगात हात घातला, कोपरापर्यंत, आणि तसाच उभा राहिला.

"काय झालं बे?" महादेवराव म्हणाला. "भर ना. अकोल्याले वाट पाहून रायले."

"गरम हाय."

"उन्हानं असन."

"वरून थंडी हाय, दादा. आतून गरम. चुना बी नाही याच्यात." नबीनं हात काढला नि धोतराला पुसला. "आज नाही भरत. अंगणात पसरा, वाळू द्या. आन मावशीले बोलावतो."

दोन महिन्यांपूर्वी या बोलण्यावर महादेवरावानं दुसरा गाडीवान केला असता. आता त्यानं कपाळावर हात मारला, नि गड्यांना फावडी आणायला सांगितलं.

मैनाबाई आली, आबेदा आली. मैनाबाईनं पदर खोचला आणि अजून न विस्कटलेल्या भागात हात खुपसला. खोल, ओलसर, जिवंत जनावराच्या पोटासारखी ऊब होती तिथं. भट्टी नव्हती, खडा नव्हता, कोणी काही भरवलेलं दिसत नव्हतं.

"ही कोणाची ऊब हाय, मावशी?" नबीनं विचारलं.

"मले काय ठाऊक," मैनाबाई म्हणाली, आणि हे म्हणताना तिचा चेहरा इतका खुलला की महादेवराव दचकला. तिनं हात बाहेर काढला, बोटांना चिकटलेली सरकी हुंगली, दोन दाणे चावून पाहिले आणि ढिगापाशी मांडी ठोकून बसली. "आबेदा, काटा आन थे ठिपक्याची काडी आण घरून. आन महादेवराव, हा कोपरा पसरू नका. एवढा कोपरा मले ठेवा."